राजाची मेहरबानी, पार्लमेंटचा कंजूषपणा

लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात ३ सप्टेंबर १६७० रोजी विल्यम पेन आणि विल्यम मीड हे दोन आरोपी आत आले, तेव्हा त्यांची डोकी उघडी होती. दारातल्या शिपायाने त्यांच्या टोप्या आधीच काढून घेतल्या होत्या. ते पाहून लंडनचा मेयर शिपायावरच खेकसला, ‘कोणी सांगितलं रे तुला टोप्या काढायला? घाल परत त्यांच्या डोक्यावर!’ शिपायाने मुकाट्याने टोप्या घातल्या. मग न्यायासनावरून प्रश्न आला, ‘कोर्टासमोर उभे आहात, टोप्या का काढत नाही?’ आणि कोर्टाचा अवमान केला म्हणून दोघांना चाळीस-चाळीस मार्कांचा दंड ठोकण्यात आला.

खटला सुरू व्हायच्या आधीच दंड! मी वकिली करतो. कोर्टात माणसाला कसं कसं खिजवता येतं हे बरंच पाहिलंय. पण आधी टोपी घालायला लावायची आणि मग ती घातल्याबद्दल दंड करायचा, ही कल्पकता काही औरच.

पेन आणि मीड क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. क्वेकर मंडळी टोपी काढायची ती फक्त देवाची प्रार्थना करताना. मेयर असो की राजा, माणसासमोर नाही. शपथ घ्यायची नाही, पाद्री ठेवायचा नाही, चर्चला दशांश कर द्यायचा नाही. एकत्र शांत बसायचं आणि आतून प्रेरणा झाली तर बोलायचं. आज ऐकायला निरुपद्रवी वाटतं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये मात्र यातली प्रत्येक गोष्ट राज्याच्या मुळावर येणारी होती, कारण राजा हाच चर्चचा प्रमुख. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपला बाजूला सारून ती जागा घेतली, त्याच्या मुलीने एलिझाबेथने १५५९ मध्ये ती पक्की केली. रविवारी चर्चला गेलं नाही तर एक शिलिंग दंड. पुढे १५८१ मध्ये तो महिन्याला वीस पौंडांवर गेला. कॅथलिकांचं कंबरडं मोडायला एवढं पुरेसं होतं. मधल्या काळात एलिझाबेथची बहीण मेरी हिने उलट्या बाजूने सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं होतं. राजा बदलला की देव बदलायचा आणि प्रजेने गुमान नव्या देवाला हात जोडायचे, असा तो कारभार.

पेनचा गुन्हा असा, की ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या क्वेकरांच्या सभागृहाला सरकारी टाळं लागलेलं असताना त्याने बाहेर रस्त्यावर उभं राहून प्रवचन केलं. वय पंचवीस, बाप आरमारातला मोठा अ‍ॅडमिरल, स्वतः थोडा कायदा शिकलेला. त्याने विचारलं, माझ्यावरचा आरोप कोणत्या कायद्याखाली आहे? रेकॉर्डर, म्हणजे शहराचा न्यायाधीश, म्हणाला, कॉमन लॉखाली, म्हणजे निवाड्यांतून घडत आलेल्या कायद्याखाली. पेन म्हणाला, तो कायदा दाखवा. रेकॉर्डर म्हणाला, इतक्या वर्षांचे इतके निवाडे तुझं कुतूहल भागवायला मी आता धुंडाळत बसू का? त्यावर पेनचं उत्तर: कायदा ‘कॉमन’ असेल तर तो दाखवायला इतका अवघड नसावा. या उत्तरासाठी मी फी न घेता त्याचं वकीलपत्र घेतलं असतं. कोर्टाने मात्र त्याला उचलून कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात टाकलं, जिथून त्याला ज्युरी दिसेनात.

पण कोर्टाचा घास अडकला तो ज्युरीत. निकाल आला तो एवढाच: ‘ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलल्याबद्दल दोषी.’ बोलणं हा गुन्हाच नव्हे, त्यामुळे हा निकाल असून नसल्यासारखा. ज्युरींना परत पाठवलं, पुन्हा तेच. मग त्यांना कोंडलं: अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, तंबाखूसुद्धा नाही. दोन रात्री. मागूनही लघवीचं भांडं दिलं नाही. याच गदारोळात रेकॉर्डरच्या तोंडून निघून गेलं, की स्पॅनिश लोक आपल्याकडे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना हुडकून शिक्षा करणारं कॅथलिक धर्मन्यायालय, का चालू देतात, त्यामागचं शहाणपण मला आजपर्यंत समजलं नव्हतं, आता समजलं. तिसऱ्या दिवशी ज्युरी भुकेले, पारोसे बाहेर आले आणि म्हणाले, निर्दोष. मग त्यांनाच चाळीस-चाळीस मार्कांचा दंड आणि न्यूगेटचा तुरुंग. एडवर्ड बुशेल नावाचा ज्युरर आणि त्याचे तीन साथीदार दंड भरेनात. ते हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे तपासून घ्यायच्या, अर्जावर वरच्या कोर्टात गेले आणि सरन्यायाधीश व्हॉन यांनी ठरवून टाकलं, की निकाल आवडला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येत नाही. खटल्याची ही हकिकत पेनच्या बाजूने छापलेली आहे, त्यामुळे सगळी चुरचुरीत वाक्यं आरोपीच्या तोंडी आणि सगळी मूर्खपणाची न्यायाधीशांच्या तोंडी आली असतील तर नवल नाही. तेवढी सूट वजा करूनही बराच ऐवज उरतो.

कॉलेजात ही गोष्ट आम्हाला ‘जुलमी राजा विरुद्ध निधड्या छातीची जनता’ अशा थाटात शिकवली होती. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की राजा मुळात पेनच्या बाजूचा होता.

दुसरा चार्ल्स परदेशात वनवासात होता तेव्हाच, ४ एप्रिल १६६० रोजी, त्याने ब्रेडा या डच गावातून जाहीरनामा काढला: हळव्या सदसद्विवेकाला मोकळीक मिळेल, राज्याची शांतता बिघडत नसेल तोवर धर्ममताच्या फरकापायी कोणाला त्रास होणार नाही, आणि पार्लमेंटने तसा कायदा केला तर आपण त्याला संमती देऊ. मे महिन्यात तो वाजतगाजत परत आला. कायदे झाले ते बरोब्बर उलटे. १६६२ च्या कायद्याने ठरीव प्रार्थनापुस्तक जसंच्या तसं न स्वीकारणाऱ्यांना घरी पाठवलं. दोनेक वर्षांत मिळून सुमारे दोन हजार पाद्र्यांची गावं सुटली. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांशिवाय पाच किंवा अधिक लोक वेगळ्या पद्धतीच्या उपासनेला जमणं गुन्हा ठरवलं. १६६५ च्या कायद्याने हकाललेल्या पाद्र्याला त्याच्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत पाऊल टाकायला बंदी घातली. हे सगळं करणारं पार्लमेंट होतं. यादवी युद्धात याच प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, मंडळींनी आपली चर्चं फोडली, चार्ल्सच्या बापाचं, आधीच्या राजाचं, मुंडकं उडवलं, याचा सूड त्यात बसलेले जमीनदार उगवत होते. राजा सही करत गेला, कारण पैसा पार्लमेंटकडून यायचा.

१६७२ च्या मार्चमध्ये चार्ल्सने पार्लमेंटला वळसा घातला. चर्चचा प्रमुख या नात्याने धर्माबाबतचे सगळे दंडकायदे आपण स्थगित करत आहोत, असा सवलतीचा जाहीरनामा त्याने काढला. चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना परवाने घेऊन उघड उपासना, कॅथलिकांना घरच्या घरी. बेडफर्डच्या तुरुंगात जॉन बनियन हा भांडी दुरुस्त करणारा माणूस बारा वर्षं पडून होता. ‘यापुढे प्रवचन करणार नाही’ एवढं म्हटलं असतं तर केव्हाच सुटला असता, पण म्हणत नव्हता. तो सुटला. शेकडो क्वेकर सुटले. आता मला सांगा, बनियनच्या बायकोला जाऊन कोण म्हणणार, की बाई, तुझा नवरा घरी आला खरा, पण राजाने वापरलेला अधिकार घटनाबाह्य होता?

पार्लमेंटने मात्र हेच म्हटलं. पार्लमेंटने केलेला दंडकायदा स्थगित करायचा तर तो पार्लमेंटनेच. राजाला तो अधिकार नाही. डचांशी युद्ध सुरू होतं, तिजोरीत खडखडाट होता. वर्षभरात राजाने माघार घेतली आणि जाहीरनामा रद्द केला. लगोलग टेस्ट अ‍ॅक्ट आला: सरकारी हुद्दा हवा असेल तर इंग्लंडच्या चर्चचा प्रसाद घ्या आणि कॅथलिक प्रसादविधीमागची श्रद्धा नाकारा. राजाचा सख्खा भाऊ जेम्स आरमाराचा प्रमुख होता. त्याने पद सोडलं आणि तो कॅथलिक झाल्याचं जगाला कळलं.

पार्लमेंटचा संशय अगदीच हवेतला नव्हता. १६७० मध्येच चार्ल्सने फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी डोव्हरला गुप्त करार केला होता: मी योग्य वेळी कॅथलिक असल्याचं जाहीर करीन, तुम्ही पैसे द्या. हे कलम तेव्हा मोजक्याच लोकांना ठाऊक होतं. पण वास यायचा तो आला होता.

मुंबईकर म्हणून मला इथे जरा रेंगाळावंसं वाटतं. याच चार्ल्सला ब्रागांझाच्या कॅथरिनच्या हुंड्यात मुंबई मिळाली, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. २३ जून १६६१ च्या त्या तहात मुंबईतल्या रोमन कॅथलिकांना त्यांच्या धर्माचं पूर्ण स्वातंत्र्य राहील, हे लिहून दिलेलं आहे, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. म्हणजे माहीममधल्या कॅथलिक कोळ्याला जी मोकळीक राजाने करारात बांधून दिली, ती लंडनमधल्या कॅथलिक शिंप्याला देणं त्याच राजाला जमेना. लंडनमध्ये मध्ये पार्लमेंट होतं, मुंबईत नव्हतं. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने बेट कंपनीकडे गेलं आणि पुढच्या वर्षी जेराल्ड ऑन्जिए गव्हर्नर झाला. त्याला ओसाड, दलदलीच्या बेटावर व्यापारी आणून वसवायचे होते. पोर्तुगीज मुलखात, गोव्यापासून वसईपर्यंत, इन्क्विझिशनची दहशत होती. ऑन्जिएने ओळखलं, की ‘आमच्याकडे ते नाही’ हीच मोठी जाहिरात आहे. दीवच्या नीमा पारख नावाच्या बनिया व्यापाऱ्याला १६७७ मध्ये कंपनीकडून मिळालेली हमी वाचण्यासारखी आहे: घरात धर्माचरणाची मोकळीक, मृतांचं दहन करायला हरकत नाही, आणि तुमच्या आवारात कोणी ख्रिश्चन किंवा मुसलमान जीवहत्या करणार नाही. त्याच दशकात पारशांच्या अंत्यविधीच्या दोखम्यालाही मलबार टेकडीवर जागा मिळाली.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. लंडनचा रेकॉर्डर भर कोर्टात इन्क्विझिशनचे गोडवे गातो १६७० मध्ये. त्याच सुमाराला लंडनच्याच व्यापाऱ्यांची कंपनी मुंबईत इन्क्विझिशन नाही या भांडवलावर माणसं जमवते आहे. कोणाच्या मनाची थोरवी वगैरे इथे नाही, धंद्याची निकड आहे. ऑन्जिएने इंग्रजांच्या स्वतःच्या चर्चचा पाया घातला तो १६७६ च्या सुमारास, आणि फोर्टातलं ते सेंट थॉमस पुरं होऊन उघडलं १७१८ च्या नाताळात. देवाची निकड बाजाराइतकी नसावी. पण एवढं खरं, की मुंबईतली ही मोकळीकही वरून दिलेलीच होती. गव्हर्नराचा कागद होता म्हणून होती.

चार्ल्स फेब्रुवारी १६८५ मध्ये मेला. मरताना मात्र कॅथलिक पाद्र्याला बोलावून घेतलं. गादीवर जेम्स आला. हा उघड कॅथलिक, हट्टी, विनोदबुद्धीचा अभाव असलेला आणि, माझ्या मते, धर्मस्वातंत्र्याबाबत बराचसा प्रामाणिक. पेनच्या बापाने त्याच्या हाताखाली आरमारात लढाई केली होती. त्या घरोब्यातून आता पेन दरबारात वजनदार झाला. तोवर त्याला पेनसिल्व्हेनियाही मिळालं होतं. बापाचं राजाकडे येणं असलेलं सोळा हजार पौंडांचं कर्ज चार्ल्सने रोकड्याऐवजी जंगल देऊन फेडलं होतं. जेम्सने १६८६ मध्ये माफी काढून हजाराहून जास्त क्वेकर तुरुंगातून सोडले. आणि ४ एप्रिल १६८७ रोजी, ब्रेडाच्या जाहीरनाम्याच्याच तारखेला, त्याने आपला सवलतीचा जाहीरनामा काढला.

तो मजकूर आजही सुंदर वाटतो. माझे सगळे प्रजाजन कॅथलिक असते तर मला आवडलं असतं, असं राजा आडपडदा न ठेवता सांगतो. आणि पुढे म्हणतो, तरीही सदसद्विवेकावर जबरदस्ती होता कामा नये. तशी जबरदस्ती व्यापार बुडवते, मुलूख ओस पाडते, परक्यांना दूर लोटते. दंडकायदे स्थगित, टेस्ट स्थगित. प्रोटेस्टंट, क्वेकर, कॅथलिक, सगळ्यांना उघड उपासनेची मुभा. त्या शतकात इंग्लंडच्या सत्तेने धर्माबाबत काढलेला इतका रुंद छातीचा कागद दुसरा मला माहीत नाही.

पण लोक लंडनच्या रस्त्यावर काय पाहत होते? फ्रान्समधून पळून आलेले ह्यूगनॉट, म्हणजे तिथले प्रोटेस्टंट. त्यांना नांतच्या फर्मानाने १५९८ मध्ये ‘कायमचं आणि अपरिवर्तनीय’ संरक्षण दिलं होतं. चौथ्या हेन्रीने दिलं, आणि ऑक्टोबर १६८५ मध्ये त्याचाच नातू असलेल्या चौदाव्या लुईने एका सहीने काढून घेतलं. तो लुई जेम्सचा मामेभाऊ, रक्ताचा नातलग आणि धर्मबंधू. पागडीच्या घरात आयुष्य काढलेल्या माणसाला हे उलगडून सांगायला नको: मालक भला आहे, गॅलरीत खोली काढायला तोंडी ‘हो’ म्हणालाय, पण पावती नाही, उद्या त्याचा मुलगा मालक झाला की काय?

मार्क्विस ऑफ हॅलिफॅक्सने याच भीतीला शब्द दिले. चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना, डिसेंटरांना, उद्देशून काढलेल्या निनावी पत्रकात त्याने लिहिलं, तुम्हाला आज मिठी मारली जाते आहे ती पुढे तुम्हाला अधिक चांगलं पिळता यावं म्हणून. आभाराची पत्रं राजाकडे आली, बरीच आली. पण रिचर्ड बॅक्स्टर हा म्हातारा धर्मोपदेशक, जो आदल्याच वर्षी तुरुंगातून सुटला होता, त्याने आभार मानायला नकार दिला. मी बॅक्स्टरविषयी बराच विचार केला आहे. तुरुंगाबाहेरच्या माणसाने तत्त्वाच्या गोष्टी करणं सोपं. हा आत जाऊन आलेला होता.

पेनने उलट बाजू घेतली. तो म्हणत होता, आज मिळतंय ते घ्या आणि उद्या पार्लमेंटकडून त्याचा पक्का कायदा करून घ्या, असा की कोणत्याच राजाला मोडता येऊ नये. युक्तिवाद बिनतोड होता. पण जेम्स ते पार्लमेंट कसं आणू पाहत होता? गावोगावच्या जमीनदारांना आणि मॅजिस्ट्रेटांना तीन प्रश्न पाठवून: निवडून आलात तर टेस्ट रद्द करायला मत द्याल का, तसं करणाऱ्याला निवडून आणाल का, वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याशी सलोख्याने राहाल का? चुकीचं उत्तर देणाऱ्याची जागा गेली. ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजने राजाचा माणूस प्रमुख म्हणून निवडला नाही, तेव्हा तिथल्या फेलोंना बाहेर काढून कॉलेज कॅथलिकांच्या हाती देण्यात आलं. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी लोकांच्या सदसद्विवेकाचीच झडती चालली होती. एकदा मयताच्या नावावर मृत्युपत्र करणाऱ्या वारसाची केस मी पाहिली होती. मागणी रास्त, कागद खोटा. जेम्सचं राज्य मला त्या केससारखं वाटतं.

कडेलोट १६८८ च्या उन्हाळ्यात झाला. राजाने जाहीरनामा पुन्हा काढला आणि हुकूम दिला, की तो प्रत्येक चर्चमध्ये दोन रविवार वाचून दाखवायचा. १८ मेच्या रात्री सहा बिशप राजाकडे अर्ज घेऊन गेले. तो कँटरबरीचे आर्चबिशप सँक्रॉफ्ट यांच्या हाताने लिहिलेला होता. त्यांना स्वतःला दरबारात यायला मनाई होती. अर्जात म्हटलं होतं, डिसेंटरांविषयी आम्हाला माया नाही म्हणून नव्हे, तर हा जाहीरनामा ज्या अधिकारावर उभा आहे तो पार्लमेंटने वारंवार बेकायदा ठरवला आहे, म्हणून तो वाचायला लावू नका. राजा भडकला, हे बंडाचं निशाण आहे म्हणाला. २० मे रोजी लंडनच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच चर्चांमध्ये तो वाचला गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत तो वाचताना डीन स्प्रॅट यांच्या हातातला कागद थरथरत होता आणि माणसं उठून चालली होती.

सातही जणांना टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत टाकलं. राजद्रोही बदनामीचा खटला २९ जूनला उभा राहिला आणि सुरुवातीलाच भूगोलावर अडखळला. अर्ज लिहिला गेला लॅम्बेथला, म्हणजे थेम्सच्या पलीकडे, सरे परगण्यात. खटला होता मिडलसेक्सचा. मग मिडलसेक्समध्ये तो ‘प्रसिद्ध’ झाला याला पुरावा काय? राजाने तो बंद खोलीत घेतला होता, आणि राजा काही साक्षीला येणार नव्हता. सरकारी वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं. अखेर मंत्री सनदरलंडला आणून वदवून घ्यावं लागलं, की बिशप अर्ज घेऊन राजाला भेटायला आपल्याकडे आले होते. बिशपांच्या वकिलांनी हे क्षेत्राधिकाराचं भांडण ज्या मजेने लढवलंय, ते वाचताना मी कितीदा स्वतःशीच हसलो आहे. चार न्यायाधीशांत दोन-दोन अशी फूट पडली. पॉवेल यांनी ज्युरीला सांगितलं, हा अधिकार मान्य केला तर पार्लमेंटची गरजच उरत नाही. ज्युरी रात्रभर कोंडलेले. राजवाड्याला बिअर पुरवणारा मायकेल आर्नल्ड त्यांत होता. तो म्हणे कुरकुरला, ‘निर्दोष म्हटलं तर राजाचं गिऱ्हाईक जातं, दोषी म्हटलं तर बाकी सगळ्यांचं.’ ३० जूनला सकाळी निकाल आला, निर्दोष. हाउन्स्लोच्या छावणीत राजाने आरडाओरडा ऐकला आणि विचारलं, काय झालं? ‘काही नाही, बिशप सुटले म्हणून सैनिक खूश झालेत.’ ‘याला तुम्ही काही नाही म्हणता?’ जेम्स म्हणाला. त्याच दिवशी सात बड्या माणसांच्या सह्यांचं आमंत्रण हॉलंडला जेम्सचा जावई विल्यम ऑफ ऑरेंज याच्याकडे निघालं.

ज्यांच्या नावाने राजा हे सगळं करत होता, त्या डिसेंटरांपैकी काही धर्मोपदेशक टॉवरमध्ये बिशपांना भेटायला गेले होते. अठ्ठावीस वर्षं ज्या चर्चने यांना तुरुंगात सडवलं, त्याच्याच पुढाऱ्यांना. बिशपांची ती ‘माया’ गळ्याशी आल्यावर फुटलेला पाझर होता, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत असणार. तरी गेले.

या दोन्ही बाजूंच्या मध्ये एक तिसरं वाक्य सत्तरएक वर्षं पडून होतं. टॉमस हेल्विस नावाच्या बाप्टिस्ट माणसाने १६१२ मध्ये पहिल्या जेम्ससाठी आपल्या पुस्तकाच्या प्रतीत हाताने लिहिलं: राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, म्हणून प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. आणि पुस्तकात छापलं होतं, पाखंडी असोत, तुर्क असोत, ज्यू असोत, त्यांना शिक्षा करणं हे ऐहिक सत्तेचं कामच नाही. ती प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. हेल्विस न्यूगेटमध्ये गेला आणि थोड्याच वर्षांत मेला. त्याच्या हिशेबाने सवलत देणारा राजाही आगाऊच. जे त्याचं नाही ते तो देतो कसं? १६८८ मध्ये हे ना बिशप म्हणाले ना राजा. भांडण होतं ते किल्ली कोणाच्या कमरेला, याचं.

किल्ली पार्लमेंटकडे गेली. जेम्स फ्रान्सला पळाला, विल्यम गादीवर आला आणि २४ मे १६८९ रोजी टॉलरेशन ॲक्ट झाला. जेम्सच्या जाहीरनाम्यानंतर तो वाचला की गरिबाघरच्या लग्नातलं जेवण आठवत नाही, श्रीमंताघरचं आठवतं: पंगत मोठी, वाढणारे हात आखडते. जुने कायदे रद्द नाहीत, फक्त ठरावीक लोकांना त्यांतल्या दंडातून सूट. ती फक्त प्रोटेस्टंटांना. ट्रिनिटी, म्हणजे देवाचं त्रैक्य, नाकारणाऱ्यांना नाही, कॅथलिकांना तर नाहीच. सभेची जागा नोंदवा. उपासना चालू असताना दाराला कडी घालायची नाही. चर्चचा कर भरतच राहायचा. सरकारी हुद्द्यासाठीची टेस्ट कायम. ती १८२८ पर्यंत राहिली आणि कॅथलिकांना पार्लमेंटची दारं १८२९ मध्ये उघडली. क्वेकरांना शपथेऐवजी साधं प्रतिज्ञापत्र चालेल, एवढं एक मन मोठं केलेलं दिसतं.

आणि हा खुजा कायदा टिकला. उदार जाहीरनामे तीन, तिन्ही मेले: ब्रेडाचा पार्लमेंटने मोडला, १६७२ चा वर्षभरात गेला, १६८७ चा आपल्या राजालाच घेऊन बुडाला. कंजूष कायद्याखाली मात्र पुढच्या वीसेक वर्षांत हजारो सभागृहं नोंदली गेली. मला हे मनापासून आवडत नाही. मनाने मी जेम्सचा मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे, आणि वकील म्हणून पॉवेलच्या. या दोघांची समजूत घालणं मला अजून जमलेलं नाही. कायदा केला की भागलं असंही नाही: कॅथलिकांना १७७८ मध्ये पार्लमेंटनेच थोडी सवलत दिली, तर १७८० च्या जूनमध्ये लंडनच्या जमावाने त्यापायी आठवडाभर शहर पेटवलं.

नव्या राज्यात पेन संशयित ठरला, जेम्सचा दोस्त म्हणून. पकड वॉरंटं निघाली, तो काही वर्षं लपून राहिला, पेनसिल्व्हेनियाचा कारभारही दोन वर्षं त्याच्या हातून गेला. सँक्रॉफ्ट यांचंही तेच. जेम्सला नडलेल्या सात बिशपांपैकी पाच जणांनी विल्यमशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. जेम्सला एकदा शब्द दिलाय, तो जिवंत आहे, दुसरी शपथ कशी घेणार? आर्चबिशपांना लॅम्बेथ सोडावं लागलं. ते सफकमधल्या आपल्या जन्मगावी, फ्रेसिंगफील्डला, जाऊन राहिले आणि १६९३ मध्ये तिथेच वारले. एक शपथ घेत नाही म्हणून आयुष्यभर छळलेला आणि दुसरा शपथ मोडत नाही म्हणून हाकललेला. दोघांची कधी निवांत गाठ पडली असती तर बोलायला पुष्कळ होतं.

१६८९ च्याच बिल ऑफ राइट्सने पार्लमेंटच्या संमतीविना कायदे स्थगित करायचा राजाचा अधिकार बेकायदा ठरवला आणि कॅथलिक माणसाला, किंवा कॅथलिकाशी लग्न केलेल्याला, सिंहासन बंद केलं. लग्नाची अट २०१३ च्या कायद्याने काढली. पहिली अट आहे तशीच आहे. ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा त्यांनी आपण निष्ठावान प्रोटेस्टंट असल्याचं जाहीर केलं, कारण तसं करणं कायद्याने भाग आहे. त्याच समारंभात तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बायबलमधला उतारा वाचला. सुनक हिंदू आहेत. ते उद्या कॅथलिक झाले तर ब्रिटिश कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. चार्ल्स झाले तर त्यांची गादी जाईल.